कागदाची उजवी बाजू

माझे वडील लक्ष्मीकांत बिवलकर सरकारी हिशेब तपासायचे. इतरांच्या वडिलांना पगार मिळतो काम केल्याबद्दल आणि आमच्या अण्णांना मिळतो दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्याबद्दल, असं मी लहानपणी मैत्रिणींना सांगत असे. वर्षातले आठ महिने ते दौऱ्यावर. आज शिवपुरी, पुढच्या पंधरवड्यात भेलसा, मग मंदसौर. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या छावणीत आमच्या दोन खोल्या होत्या, पण अण्णांचा खरा संसार त्यांच्या होल्डॉलमध्ये होता. ज्या कचेरीची तपासणी, तिथला चहासुद्धा घ्यायचा नाही असा त्यांचा नेम, म्हणून सुरई आणि स्टोव्ह बरोबर. लोक त्यांना सचोटीचा माणूस म्हणत. मी त्यांना पाहुणे म्हणे, अर्थात मनातल्या मनात.

राज्यं मात्र बसल्या जागी बदलत गेली. अण्णा नोकरीला लागले तेव्हा हिशेब शिंद्यांच्या दरबारचे होते. अठ्ठेचाळीस साली ते मध्यभारताचे झाले. छप्पन साली, मी दहा वर्षांची असताना, कळलं की आता मध्यप्रदेश नावाचं भलंमोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि अण्णांच्या दौऱ्यात रायगढ, सरगुजा, बस्तर अशी नावं येणार. मी ती शाळेच्या नकाशात शोधली. बस्तर पार खाली होतं, बोट ठेवायला पुढे वाकावं लागलं.

कचेरीतून एक छापील फारम आलं. वरची जागा घेऊन नव्या राज्याच्या दौऱ्यावर निघायचं, की वीस वर्षं भरली तेवढ्यावर कमी पेन्शन घेऊन मोकळं व्हायचं, ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. इंदरगंजजवळच्या एका मुलींच्या शाळेला गणित शिकवायला माणूस हवा होता. पगार जेमतेम, पण तपासणी नाही, दौरा नाही.

अण्णांच्याच खात्यातले महिपतराव ओसरीवर येऊन बसले. "बिवलकर, यात सोचायचं काय? बढती घेऊन टाका. पोरींना पहाडे शिकवायला तुमच्यासारखा माणूस कशाला पाहिजे? मी तर फारम भरून देऊन पण आलो."

"बघतो," अण्णा म्हणाले. "घरात विचारतो."

घरात विचारण्याची अण्णांची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तपासणी करताना ते कागद मधोमध उभा दुमडत. डाव्या बाजूला आक्षेप लिहीत, उजवी बाजू कोरी ठेवत. ती ज्याच्यावर आक्षेप त्याच्या खुलाशासाठी. खुलासा पटला की खाली 'निकाली' लिहून सही. पुढे पुढे ही सवय घरातही शिरली. दौऱ्यावरून ते आईला असेच दुमडलेले कागद पाठवत. डावीकडे मोत्यासारख्या अक्षरात, "या महिन्यात दुधाचा रतीब अर्धा शेर वाढलेला दिसतो. कारण?" आणि उजवीकडे आईचं उत्तर, "कारण तुमची लेक वाढते आहे." परतीच्या टपालाने कागद जाई आणि 'निकाली' होऊन येई. आई हसे, पण ते सगळे कागद तिने एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. नवऱ्याची पत्रं म्हणून तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

तर त्या आठवड्यात अण्णांनी तसाच एक कागद दुमडला. डावीकडे लिहिलं, "तीन वर्षांत आणखी एक बढती. पेन्शन पूर्ण. विमलच्या लग्नाची तजवीज. नोकरी सोडण्यास सबळ कारण दिसत नाही. आपले म्हणणे?" विमल म्हणजे मी. तो कागद त्यांनी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीखाली ठेवून दिला.

आईने तो वाचला. पुन्हा बरणीखाली ठेवला. बुधवार गेला, गुरुवार गेला, उजवी बाजू कोरीच. शनिवारी अण्णांनी बरणी उचलून पाहिली आणि मुद्दाम आवाज करून खाली ठेवली. आई भाजी चिरत राहिली. तिचा राग असाच असे, त्याला आवाज नसे. तो वारसा मला मिळाला नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी विचारलंच. "अनसूया, उत्तर?"

"सोळा वर्षं उत्तरं मीच देत्येय," आई म्हणाली. "या वेळी तुम्ही द्या."

तिने चोळीत ठेवलेला एक कागद काढून त्यांच्यापुढे केला. तिनेही तो मधोमध दुमडला होता. डावीकडे तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात चार ओळी होत्या. मी अण्णांच्या खांद्यामागून वाचल्या. "चार वर्षांमागे माघात गोविंद गेला. तुम्ही नवव्या दिवशी आलात. दुधाचं विचारलंत, कोळशाचं विचारलंत. त्याच्याबद्दल आजवर एक प्रश्न विचारला नाहीत. कारण?"

गोविंद माझा धाकटा भाऊ. सव्वा वर्षाचा होऊन घटसर्पाने गेला. तेव्हा अण्णा मंदसौरकडे होते. तार एका गावी पोचली आणि ते पुढच्या गावी गेलेले. त्याचं नाव त्यानंतर घरात कुणी घेतलं नव्हतं. मला वाटे, अण्णा त्याला विसरले. मला अण्णांचा फार राग होता.

अण्णांनी पेनचं टोपण काढलं. उजव्या बाजूवर पेन टेकवलं. अख्ख्या मध्यभारतातल्या खजिनदारांना ते खुलाशासाठी पंधरा दिवस देत. शाईचा एक ठिपका पडून पसरला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"भीती वाटायची," ते म्हणाले. "विचारलं तर तू सांगशील, याची."

त्यांनी कागद बाजूला सरकवला आणि विचारलं, "बोलायला लागला होता का तो?"

"थोडं थोडं. मला आई म्हणायचा. विमलला इमी. दाराशी दूधवाला आला की भैया, भैया म्हणून रांगत जायचा."

"आणि मला?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. खोटं बोलली असती तर मी तरी तिला दोष दिला नसता.

"तुमच्यासाठी त्याच्याजवळ हाक नव्हती," ती म्हणाली. "बोलायला लागल्यापासून दोनदाच तर पाहिलं होतं त्यानं तुम्हाला. तुम्ही घरी असता, तर तीही शिकला असता."

अण्णा रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते त्या दिवशी, आणि माझा चार वर्षांचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. आई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. माझ्यादेखत ती अशी त्यांच्याजवळ कधी बसली नव्हती. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. ताप कधी चढला, डॉक्टर कितीदा आले, शेजारच्या कुसुमताईंनी त्याला मांडीवर कसं घेतलं. अण्णा मधे मधे विचारत होते, ती सांगत होती. ऊन ओसरीवरून खाली उतरेपर्यंत दोघं बोलत होती.

संध्याकाळी अण्णांनी फारम काढलं, नोकरी सोडतो तिथे खूण केली आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच, सरळ रेषेत. मग मला जवळ बोलावलं.

"विमल, तुझी शाळा कितीला सुटते?"

साऱ्या जिल्ह्यांच्या कचेऱ्या कधी उघडतात नि कधी बंद होतात ते त्यांना तोंडपाठ होतं.

"का?" मी विचारलं.

"उद्या फारम देऊन येतो, मग चार वाजता फाटकाशी थांबेन म्हणतो. चालेल तुला?"

चालेल का, असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती कणीक मळत होती, पण तिचे हात थांबले होते.

"चालेल," मी म्हटलं. "पण साडेचारला या. चारला आमचा शेवटचा तास सुरू असतो."