वाघर उचलली तो दिवस

गेल्या उन्हाळ्यात आमच्या माळावर लाल झेंडे लागले. सोलापूरच्या दक्षिणेला आमचं गाव. शेजारची जुनी धावपट्टी वाढणार होती, आणि ती वाढायची तर माळ जाणार, माळावरचं तळंही जाणार. आसपास उन्हाळ्यात न आटणारं तेवढं एकच पाणी होतं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं त्यावरच जगत होती. तळं गेलं तर कळप विकावा लागणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी सोलापुरात कॉलेजात शिकवते. हवामान कसं बिघडतंय यावर मी तासभर न थांबता बोलू शकते, पण ते मला खरं कळलं माळावरच. फाल्गुनातच मेंढ्या सकाळी नऊला एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहू लागल्या. पूर्वी हे वैशाखात, भर दुपारी दिसायचं. वारा नाही, ढग नाही, आणि रोज संध्याकाळी झेंड्यांची रांग थोडी पुढे सरकलेली. अशा उन्हात लोकांचं पाणी बुजवून विमानं वाढवायची, या अकलेला काय म्हणावं?

अर्ज देऊन झाले. मग आम्ही ठरवलं, यंत्रं ज्या वाटेनं येतील त्याच वाटेवर मेंढरं घालायची आणि हलायचं नाही. माझे पाच-सहा विद्यार्थी फलक घेऊन आले. त्यातला एक पुठ्ठा पहिल्याच दिवशी आमच्या शेळीनं खाल्ला. आप्पा म्हणाले, "तिला बी पटलंय की."

तळ्याच्या काठाला आप्पांनी वाघर लावली, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण. चार दिवस यंत्रं रस्त्यावरच उभी राहिली. चालक त्यांच्याच सावलीत बसून आमच्याकडे बघायचे. कुणी शिवी दिली नाही, कुणी हटकलं नाही. ती शांतता मला बरी वाटत नव्हती.

पाचव्या दिवशी ऊन कलल्यावर अण्णा आले. अण्णा ओढ्यापलीकडचे शेतकरी. दर उन्हाळ्यात आमची मेंढरं एक-दोन रात्री खतासाठी त्यांच्या रानात बसायची; लेंड्यांनी जमीन पिकते, मालक आम्हाला जेवू घालतो. आमच्यात असं बोलावणं आलं की नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर आपण त्या माणसाला टाकलं, असं धरतात.

"पाव्हणं, आज माज्या रानात या," अण्णा म्हणाले. बोलत होते आप्पांशी, पण बघत होते मेंढरांकडे. "हौद भरून ठेवलाय."

"आजच?" आप्पांनी विचारलं.

"आजच या. उद्या नांगर घालायचा हाय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. विद्यार्थी सोलापूरला परतले होते. शिकलेली मी, पुढारी मी, तेव्हा ठरवायचं मीच. मला संशय आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण अण्णांच्या ओसरीवर मी लहानपणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आहे. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

"एका रात्रीनं काय होतंय," मी म्हणाले. "उजाडायला परत येऊ."

आप्पांनी वाघर उचलली.

सकाळी ओढा ओलांडल्यावर मेंढ्या सवयीनं तळ्याकडे धावत सुटल्या आणि मध्येच थबकल्या. तळं नव्हतं. मुरूम टाकून सगळं सपाट केलं होतं, कडेनं थोडा चिखल वर येत होता. एक मेंढी त्या चिखलाला तोंड लावून उभी राहिली. आप्पांनी तिला हाकललं नाही.

संध्याकाळी अण्णा घरी आले. "धावपट्टीच्या सायबानं सांगितलं, एक दिस तेवडं त्यास्नी बोलव. तुजं रान सोडतो म्हनला." आप्पांनी पाण्याचा तांब्या अण्णांपुढे ठेवला. मला अण्णांचा राग आला, पण त्याहून जास्त माझा आला, आणि तो अजून गेलेला नाही. अण्णांचंही रान सुटलं नाही. दिवाळीआधी तिथे झेंडे लागले, आमच्या मेंढरांचं खत पडलेल्या रानात.

निम्मा कळप मोहोळच्या बाजारात गेला. उरलेली मेंढरं घेऊन आप्पा पाणी असेल तिकडे फिरतात. या वर्षी ऊन आणखी लवकर आलं. परवा मामाचा फोन आला, माझ्या आईचा सख्खा भाऊ. चार दिवस आमच्या रानात मेंढरं बसवा, विहिरीला पाणी आहे, म्हणाला.

आप्पांनी विचारलं, "आमास्नी बोलवायला तुला कुनी सांगितलं?"