बाराही जणी खेळल्या

या देशात बास्केटबॉल नावाचा खेळ आहे हे ज्या मूठभर लोकांना माहीत आहे, त्यांतल्या निम्म्यांना आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांना हाकलून द्यावं असं वर्षानुवर्षं वाटत आलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांची अशी समजूत होती की त्यांना केव्हाच हाकललंय. सर मुलींच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. संघाची कप्तान कोण हे ज्याला सांगता येत नसे, तोसुद्धा सरांचं काय चुकतं यावर अर्धा तास बोलत असे. मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा शेजारी. माझी सगळी हयात सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली, चेंडूशी कधी संबंध आला नाही. पण पत्र लिहायचं म्हटलं की सरांना दरदरून घाम फुटायचा, त्यामुळे त्यांचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे. भांडण त्यांचं आणि भाषा माझी, असं आमचं उत्तम चाललं होतं.

सर साडेसहा फूट उंच आहेत आणि घराबाहेरचं सगळं जग त्यांना मैदानच वाटतं. मंडईत त्यांच्याबरोबर जाणं हा जिवावरचा प्रकार. वहिनी भाजी निवडायला लागल्या की हे दोन्ही हात पसरून त्यांच्या पाठीशी उभे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात मेथीपर्यंत पोचायला नको. घेतलेली भाजी पिशवीत ठेवायची नाही, लांबून पास करायची, तीही माझ्याकडे न बघता. एकदा चांगला दीड किलोचा कोबी माझ्या छातीवर येऊन आदळला, आणि वर ‘हात कायम तयार पाहिजेत’ असं मलाच ऐकवलं. भाजीवाल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “काका, टोमॅटो पण असेच नेणार, का पिशवीत देऊ?” स्वारगेटला रस्ता ओलांडताना ते एक तळहात आडवा धरून त्याला दुसऱ्या हाताची बोटं खालून टेकवतात आणि अंगावर येणाऱ्या बसला टाइमआउट दाखवतात. नवल म्हणजे बस थांबते. एका ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून “किती वेळाचा घेतलाय?” असं विचारलं, तर सर म्हणाले, “एका मिनिटाचा. पाणी पिऊन घ्या.” त्यांच्या खेळात चेंडू मिळाल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे टाकावा लागतो म्हणे. सरांनी हा नियम आमच्या सोसायटीच्या सभेलाही लावला. चिटणीस पाण्याच्या टाकीवर बोलायला उठले की पंचविसाव्या सेकंदाला सरांच्या गळ्यातली शिट्टी वाजायची. चिटणीसांनी बोलणं टाकलं, पण टाकी त्या वर्षी दुरुस्त झाली.

पत्रकारांशी तर त्यांचा उभा दावा. एका तरुण पत्रकाराने संघ हरल्यावर विचारलं, “सर, आता तुम्हाला कसं वाटतंय?” सर म्हणाले, “आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम हरलोय, लिहून घ्या.” हे छापून आलं. त्यांचा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. कंपनीच्या बसमध्ये दोन तास अडकला की तो मोबाइलवर वडिलांना पडलेल्या शिव्या वाचायचा आणि संध्याकाळी जेवताना त्यांतल्या निवडक घरात सांगायचा. सर त्यांना गुण द्यायचे. मराठी शिव्यांना जरा जास्त.

पण खरं वादळ उठलं ते त्यांच्या एका हट्टापायी. संघात बारा मुली असतात आणि एका वेळी पाच खेळतात. बाकी जगाचे प्रशिक्षक सात-आठ जणींवर सामना काढतात, उरलेल्यांनी टॉवेल सांभाळायचे. सरांचं म्हणणं, पंगतीला बोलावलंय ना, मग पान सगळ्यांना वाढायचं. समोरचा संघ कुठलाही असो, सामना कसलाही असो, बाराही जणींचे पाय मैदानाला लागलेच पाहिजेत. एरवी मध्यंतरानंतर लगेच ते सगळ्यांना फिरवून घेत. पण एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात गुणांची अशी काही चुरस लागली की सर स्वतःच सामना बघत बसले आणि बारावी मुलगी राहून गेली. मुलगी विदर्भातल्या एका खेड्यातली, पुण्यात वसतिगृहात राहून खेळणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चाळीस सेकंद उरले होते. आपण एका गुणाने पुढे होतो. सरांचं लक्ष बाकाकडे गेलं, आणि या गृहस्थाने संघातली सगळ्यात भरवशाची खेळाडू बाहेर काढून त्या राहिलेल्या मुलीला आत पाठवलं. मी घरी टीव्हीसमोर कपाळावर हात मारून घेतला. पोरीने पहिलाच चेंडू समोरच्यांच्या हातात दिला, त्यांनी तो बास्केटमध्ये टाकला आणि आपण एका गुणाने हरलो. त्यामागची योजना काय होती, असं सगळे विचारायला लागले. सर म्हणाले, “योजना कसली? ती राहिली होती.”

मग व्हायचं तेच झालं. महासंघाकडून निरोप आला की आठ दिवसांत लेखी खुलासा द्या. एक पदाधिकारी सरांच्या बाजूचे होते, त्यांनी फोनवर सांगितलं, ‘अंदाज चुकला’ एवढी एक ओळ लिहा, पद राहील. सर कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. मी मन लावून मसुदा केला. ‘सदर बदल करताना माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.’ असं सफाईदार वाक्य मी निवृत्तीनंतर लिहिलं नव्हतं. सरांनी ते दोनदा वाचलं.

“चूक म्हणजे कोण? ती पोरगी ना?”

“अहो, तिचं नाव कुठे आहे यात?”

“नाव नसलं म्हणून तिला कळायचं नाही होय? जन्मभर ती स्वतःला माझी चूक समजेल.”

मी चिडलो. म्हटलं, तुम्हाला या संघाशिवाय दुसरं काही येत नाही, करणार काय आहात उद्यापासून? भाजी फेकणार? सरांनी मसुदा बाजूला सारला. माझं पेन घेऊन, घाम पुसत पुसत, त्यांनी आयुष्यातलं पहिलं पत्र स्वतः लिहिलं: ‘मी बारा मुली नेल्या होत्या. बाराही खेळल्या. यात माझी चूक मला सापडत नाही. आपणांस सापडल्यास कळवावी.’ मला त्यात एक अक्षर बदलता आलं असतं तर मी बदललं असतं. त्यांचा रागही येत होता आणि त्यांचा शेजारी असल्याचा अभिमानही वाटत होता. पंधरा दिवसांत आभाराचं पत्र आलं आणि सर मोकळे झाले.

परवा संघाचा सामना होता. वहिनी आता घरात बास्केटबॉल नकोच म्हणतात, म्हणून दुपारी सर माझ्याकडे येऊन बसले. नवे प्रशिक्षक हुशार आहेत. त्यांनी सात जणींवर सामना काढला आणि आपण दणक्यात जिंकलो. सरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर थाप मारली, डोळेसुद्धा पुसले. मैदानावर मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि कॅमेरा सारखा त्यांच्याभोवतीच फिरत होता. सर उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि कमरेत वाकून पडद्याच्या कडेला काहीतरी शोधायला लागले.

“बाकावरची ती आपली बारावी दिसतेय का हो तुम्हाला? माझा चष्मा वर राहिलाय.”

“दिसली की,” मी म्हणालो. “हसतेय.”

बाक एकदाही दाखवला नव्हता.