बाल्कनीतली घागर

सगुणाबाईंचा अख्खा जन्म लातूरकडं गेला. तिथं नळाला पाणी यायचं ते आठ-दहा दिवसांनी. त्यामुळं मुलगा उमाकांत त्यांना बेंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या भाड्याच्या फ्लॅटवर घेऊन आला, तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी घागरी, बादल्या, पातेली, हाताला लागेल ते भरून ठेवलं. सवयच ती, एका दिवसात कशी जाणार?

पण इथली तऱ्हाच उलटी. दर शुक्रवारी अनुसूया नावाची आरोग्यसेविका बॅटरी घेऊन घरोघर फिरायची, साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायची. ती बेंगळुरूतल्याच जुन्या मराठी घरातली, बोलायला गोड. आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यू होतो, असं समजावून तिनं भरली बादली मोरीत कलंडवली. आमच्याकडं हंडाभर पाण्यावरून माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, हिला काय कळणार, म्हणून बाई दिवसभर धुसफुसत राहिल्या.

बाईही काही कमी नव्हत्या. पुढच्या शुक्रवारपासून सगळी भांडी पालथी, आणि एक पितळी घागर मात्र बाल्कनीत जुन्या गादीमागं, काठोकाठ भरलेली. अनुसूया "सरी, अक्का", म्हणजे ठीक आहे ताई, म्हणत खुशीत निघून जायची. आई इथलं सगळं शिकली, असं उमाकांत शेजारीपाजारी कौतुकानं सांगायचा.

तीन आठवड्यांनी नात भव्या तापली. सहा वर्षांची पोर, डोळे उघडेना. डेंग्यूच निघाला. तिला दवाखान्यात ठेवलं आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा कुठं त्यांच्या घशाखाली घास गेला.

पोर घरी आली त्या शुक्रवारी अनुसूया आली. ह्या घरी काही नसतंच, म्हणून ती मोरी बघून वळली. सगुणाबाईंनी तिचा हात धरला, तिला बाल्कनीत नेलं आणि गादी बाजूला केली. बॅटरीच्या उजेडात घागरीत अळ्या वळवळत होत्या.

अनुसूयानं बॅटरी बंद केली. मग म्हणाली, डास कुठला होता हे कुणालाच सांगता येत नाही, मनाला लावून घेऊ नका. आणि घागर ओतायला वाकली.

"थांब," सगुणाबाई म्हणाल्या. "मीच ओतते. पण आधी उमाकांतला बघू दे."

आणि त्यांनी मुलाला हाक मारली.