क्रेनच्या केबिनमधला फ्लास्क

इस्माईल गेल्याची बातमी मला वॉकीटॉकीवर कळली. सळ्यांचा भारा क्रेनच्या हुकाला लटकत होता, आजूबाजूला माणसं उभी होती, आणि टाइमकीपरनं आमच्या चॅनलवर येऊन एवढंच सांगितलं, "जाधवभाई, अस्पताल से फोन आया. इस्माईलभाई नहीं रहे." मी रिगर. भार बांधायचा आणि तो किती हळू, कुठे उतरवायचा हे वर बसलेल्या क्रेनवाल्याला खालून सांगायचं, हे माझं काम. भार हवेत असताना रिगरला रडायची सोय नसते. मी 'धीरे… धीरे… बस' म्हणत राहिलो. भारा टेकला, हुक सुटला, आणि मी त्याच सळ्यांवर बसलो. त्या उन्हात तापलेल्या होत्या हेही मला उशिरानं कळलं.

सौदीतल्या हुफूफ शहराच्या बाहेर आमची साइट आहे. इस्माईल दापोलीकडचा, मी कऱ्हाडचा. तो टॉवर क्रेनवर आणि मी जमिनीवर, त्यामुळे दिवसभर आम्हाला एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, पण त्याचा आवाज सतत माझ्या कानात असायचा. चॅनलवर बाकी सगळे हिंदीत बोलायचे, आम्ही दोघं मराठीत. ऐकणाऱ्यांना वाटायचं, यांचं भांडण जुंपलंय. मी सूचना देतो की बैल हाकतो, असं तो विचारायचा. पण भार उतरवताना गडी गप्प व्हायचा. काचेची तावदानं असोत की टनभर लोखंड, टेकल्याचा आवाज यायचा नाही. मी त्याच्या भाराखाली निर्धास्त वावरलो, एवढं सांगितलं की रिगर मंडळींना सगळं कळेल.

एकच खोड होती. तो पाणी पीत नसे. त्याच्या बायकोनं, हमिदाभाभींनी, गावाहून निघताना त्याला निळ्या झाकणाचा मोठा स्टीलचा फ्लास्क दिला होता. सकाळी तो भरून खांद्याला अडकवायचा आणि शिडी चढायचा. वर संडास नाही, मुतारी नाही. एकदा उतरायचं म्हणजे अख्खी शिडी, आणि पुन्हा चढायचं. दुपारी उन्हामुळे काम सक्तीनं बंद असतं, तेव्हाही सगळे सावलीत येऊन पडायचे आणि हा वरच बसून राहायचा. केबिनमधला एसी कधी चालायचा, कधी नुसता गरम वारा फेकायचा. मी ओरडलो की म्हणायचा, "मुतायला उतरायचा नि परत चढायचा, त्यापरीस तहान बरी." संध्याकाळी भाभींचा फोन यायचा. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: फ्लास्क संपवलात काय? आणि याचं उत्तरही ठरलेलं: संपवला. माझ्याकडे बघून डोळा मारायचा. बसून बसून कंबर धरायची, त्यासाठी वेदनाशामक गोळ्या मात्र तो शेंगदाण्यासारख्या खायचा. तहान आणि त्या गोळ्या, या दोन्हींनी मिळून आत काय चालवलं होतं, ते आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

या उन्हाळ्यात एके दिवशी त्याचा भार हिसका देऊन खाली आला. मी घाबरून विचारलं, तर पलीकडून नीट शब्दच येईनात. काम थांबवलं. तो शिडीवरून उतरला तेव्हा पाय थरथरत होते. फ्लास्क वरच राहिला. थोडी लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी, आणि त्यानंतर ती बंदच झाली. ऊन लागलंय, असं आम्हा कामगारांच्या कॅम्पमध्ये सगळ्यांनी ठरवलं. लघवी होत नाही म्हणजे अंगात पाणी कमी आहे, हे आमचं गणित. मग जो तो त्याला पाजायला लागला. पाणी, लिंबाचं सरबत, गार ताक. जन्मभर पाणी टाळलेला माणूस निमूट पीत राहिला. दुसऱ्या दिवशी डोळे सुजले, पाय सुजले, आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. तेव्हा कुठे आम्ही त्याला गाडीत घातलं.

हॉस्पिटलात सोलापूरच्या एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी मराठीत बोलायला सुरुवात केली तेव्हा जरा धीर आला, पण तो टिकला नाही. दोन्ही मूत्रपिंडं अचानक बंद पडली होती. प्यायलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, ते फुप्फुसात चढलं होतं. रक्तात पोटॅशियम इतकं साचलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. मानेत नळी घालून ताबडतोब डायलिसिस सुरू केलं. "मूत्रपिंडं मेलेली नाहीत," बाई म्हणाल्या, "झोपलीत. बऱ्याच जणांची जागी होतात. लघवी सुरू होते का, याची वाट बघायची."

मग अख्खा कॅम्प त्याचीच वाट बघायला लागला. नेपाळी, पठाण, बिहारी, जो भेटेल तो सलाम-नमस्कार सोडून एकच विचारायचा, पेशाब हुआ? भाभी फोनवर फ्लास्कचं विचारायच्या बंद झाल्या, त्याही तेच विचारायच्या. पलंगाच्या बाजूला लटकलेली ती लघवीची पिशवी बघायला मी ड्यूटी संपली की धावत जायचो. पिशवी कोरडी. आणि इस्माईलला तहान लागायची. मोजून घोटभर पाण्याची परवानगी होती, ते केव्हाच संपलेलं असायचं. एकदा माझ्या पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर आलेलं त्याला दिसलं.

"जाधवा, एक घोट दे."

मी नाही म्हटलं. त्यानं दुसऱ्यांदा मागितलं नाही. मी ओला कापूस त्याच्या ओठांवर फिरवला, तर त्यानं तो ओठांनी घट्ट धरून ठेवला… ते मला अजून सहन होत नाही.

आणि एके दिवशी पिशवीत पिवळं पाणी दिसलं. आधी थोडं, मग पुष्कळ. सिस्टरनं पिशवी वर धरून दाखवली. आम्ही कॅम्पमध्ये जिलबी वाटली. लोक मुलगा झाल्याची वाटतात, आम्ही लघवी झाल्याची वाटली. इस्माईल म्हणाला, आता रोज मुतायला उतरून जाईन, तू खाली बोंबलत बस. मी मनातल्या मनात त्याला घरी पाठवूनही टाकलं होतं. पण बाई हसल्या नव्हत्या. मानेतल्या नळीतून जंतुसंसर्गाची भीती अजून आहे, म्हणाल्या. पुढच्या डायलिसिसच्या वेळी त्याला हुडहुडी भरली. ताप चढला, रक्तदाब खाली आला तो वर येईना. मूत्रपिंडं जागी होत होती आणि बाकीचा माणूस हातातून निसटत होता. मग वॉकीटॉकीवर टाइमकीपरचा तो आवाज.

दफन हुफूफलाच झालं, भाभींनी गावाकडूनच होकार दिला. काही दिवसांनी मी क्रेनवर चढलो. त्याच्या जागी आलेल्या पठाणानं फ्लास्कला हात लावला नव्हता. इतके आठवडे तो खिळ्याला तसाच टांगलेला. 'उनकी अमानत है,' एवढंच तो म्हणाला. मी उचलला तर जड लागला. झाकण उघडलं. काठोकाठ.

संध्याकाळी भाभींचा फोन आला. त्याच्या सामानाचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"फ्लास्क भरलेलाच होता ना, भाऊ?"

मी फ्लास्कचं झाकण घट्ट फिरवलं. पुढे त्याच म्हणाल्या, "मला ठाव होता. रोज ठाव असायचा." मग म्हणाल्या, "ता पाणी फेकू नका. त्यांच्या मातीवर घाला."

शुक्रवारी कबरस्तानात गेलो. तिथे नावाची पाटी नसते, नुसते दगड. त्याचा दगड मी ओळखून ठेवला होता. फ्लास्क तिरपा केला आणि भार उतरवावा तसा हळूहळू ओतला. वाळूनं ते सगळं झटक्यात पिऊन टाकलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत फ्लास्क उलटा धरला, झाकण लावलं आणि भाभींना एकाच शब्दाचा आवाजी मेसेज पाठवला.

"संपवला."