सांगली कशी हुकली

मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर मामा आला होता, पण बोलत नव्हता. मामीने दिलेला चिवड्याचा डबा त्याने माझ्या हातात न देता बाकावर ठेवला आणि आमची बोगी कुठे लागते ते बघायला म्हणून पुढे निघून गेला. आई तर गावातल्या एसटीपर्यंतसुद्धा आली नव्हती. घरातच तिने माझ्या हातावर दही ठेवलं, मी पाया पडले, आणि ती आत चुलीकडे वळली. आप्पा मला सोडायला तमिळनाडूत सेलमपर्यंत येणार होते. माझ्या पेटीवर बसून ते अजूनही त्या कॉलेजला नावंच ठेवत होते. पाणी बघून पी, कुणी फुकट काही दिलं तर घेऊ नकोस, आणि त्या स्कॉलरशिपवर तर अजिबात भरवसा ठेवू नकोस, दोन महिन्यांत काढून घेतील. बापाने इतकी नावं ठेवलेल्या ठिकाणी राहायला निघालेली मी बहुतेक पहिलीच मुलगी असेन.

आता दर जूनमध्ये गावाकडच्या मुली मला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात. कुणाला पंजाबातून पत्र आलेलं असतं, कुणाला आंध्रातून. खाली एकच प्रश्न असतो, ताई, ही स्कॉलरशिप खरी असते का? मी प्रत्येकीला अटींचं पान दोनदा वाचायला लावते आणि फोन करणाऱ्या माणसाला लगेच हो म्हणू नका असं बजावते. माझा संशयी स्वभाव त्यांना माहीत आहे. तो कुठून आला, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव माणमध्ये, सातारा जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. पावसाचं नाव फक्त बातम्यांत ऐकायचं. थोडी जिरायत जमीन, बाकी मेंढरं. माझी बारावी झाली आणि त्या उन्हाळ्यात माझ्यापुढे दोन वाटा आल्या. एक सांगलीच्या जुन्या इंजिनीअरिंग कॉलेजची. तिथे नाव लागेल असे माझे मार्क होते, आणि ते मी ऑनलाइन फॉर्मवर पहिल्या पसंतीला टाकलं होतं. दुसरी वाट पाकिटातून आली. सेलमच्या एका खासगी टेक्निकल विद्यापीठाने माझ्या मार्कांवर मेरिट स्कॉलरशिप देऊ केली होती, अर्धी फी माफ. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी शिक्का आणि वर अभिनंदन.

आप्पांनी ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. त्यांचा प्रश्न एकच होता.

"फुकट का देत्यात?"

मग त्यांनी पत्रासोबतच्या माहितीपत्रकातले फोटो घेतले आणि सुरुवात केली. ही झाडं सगळी एका उंचीची आहेत, म्हणजे कालच लावलेली. ही पोरं पुस्तक उघडून हसताहेत, शिकताना कोण हसतं? पारावर, दुधाच्या डेअरीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे जातील तिथे त्या विद्यापीठाचा उद्धार. तिथल्या प्रवेश विभागाचा एक माणूस मोडक्यातोडक्या हिंदीत फोन करायचा. आप्पा त्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि "बघू सायेब" म्हणून फोन ठेवायचे. दहा दिवसांनी अर्ध्याची पाऊण माफी झाली. आणखी आठवड्याने पूर्ण, होस्टेलसकट. माफी वाढत गेली तसा घरातल्या सगळ्यांचाच संशय वाढत गेला. जो इतका मागे लागतो त्याचा माल खोटा, असं मामाचं मत पडलं आणि आईने मान डोलावली.

आईचं सांगलीचं ठरलेलं होतं. मी मामाकडे राहायचं, तिथून कॉलेजला जायचं. पुढचं कुणी उघड बोलत नसे, पण मामाच्या सागरकडे बघून मामी हसायची तेव्हा मला कळायचं. सागर वाईट नव्हता. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान नीट चालवायचा, मला हॉर्न वाजवून न्यायला यायचा. खरं सांगायचं तर मलाही सांगलीच हवी होती. तिथली भेळ माहीत होती, रस्ते माहीत होते, मामाच्या घरात माझी खाट होती. परका मुलूख, परकी भाषा मला नको होती.

पहिल्याच फेरीत सांगलीला नाव लागलं. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती वेळेत ऑनलाइन स्वीकारायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद, हा नियम मला पाठ होता. पण इंटरनेटला रेंज नाही, मग लाइट नाही, असं करत काम शेवटच्या दिवसावर आलं. मी सकाळीच दहिवडीच्या नेट कॅफेत जाऊन बसले. फॉर्मवर नंबर आप्पांचा होता, कारण फॉर्म त्यांच्याच स्मार्टफोनवरून भरला होता, माझ्याजवळ आईचा साधा फोन. ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार, ते मला सांगणार, एवढंच काम. आप्पा फोन घेऊन आटपाडीच्या बाजाराला गेले होते.

फोन बंद. अकरा वाजता बंद, एक वाजता बंद. कॅफेवाल्या दादाने स्वतःच्या फोनवरून लावून बघितला. मी बाजारात असणाऱ्या गावच्या दोन माणसांना फोन केले, आप्पा कुणालाच दिसले नव्हते. पाच वाजता पडद्यावर मुदत संपल्याची ओळ आली. दादाने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. मी एसटीत बसून गावापर्यंत रडत आले.

आप्पा दिवेलागणीला आले. फोन मेंढरांच्या हौदात पडला म्हणाले, आणि खरंच तो ओला होता. आई त्यांना नको नको ते बोलली. मामाने तर फोनवरच संबंध तोडल्यासारखं केलं. पुढचे दोन दिवस आप्पा खाली मान घालून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सेलमचं पत्र ट्रंकेतून काढलं आणि आता झक मारत तिथंच घालावं लागतंय म्हणाले. कुणाजवळ दुसरा इलाज नव्हता.

मला पहिली शंका सेलमच्या स्टेशनवर आली. माझे आप्पा साताऱ्याच्या स्टँडवरसुद्धा तीन जणांना विचारल्याशिवाय एसटीत पाय ठेवत नाहीत. तो माणूस सेलमला उतरला, पेटी डोक्यावर घेतली आणि कुणालाही न विचारता डावीकडे वळून बरोबर बसपाशी जाऊन उभा राहिला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, पाटीवर लिहिलंय की. पाटी तमिळमध्ये होती.

तिथली चार वर्षं मी पाय चाचपत काढली. स्कॉलरशिप खोटी नव्हती, पण अट कडक होती. प्रत्येक सेमिस्टरला साडेआठच्या वर ग्रेड, एकदा घसरला की माफी गेली. शेजारच्या खोलीतल्या नेल्लूरच्या मुलीची दुसऱ्याच सेमिस्टरला गेली आणि ती रात्रंदिवस माझ्या ग्रेडची चौकशी करू लागली. फुकट का देतात, तेही कळलं. दुसऱ्या वर्षीच्या माहितीपत्रकात मी होते, हातात उघडं पुस्तक, हसताना. फोटोग्राफरने सात वेळा हसायला लावलं होतं. मेसमध्ये मी वाढणाऱ्या अण्णांकडे रसम मागायला शिकले, ताकभातावर लोणचं घेऊन जेवायला शिकले, भाकरीची आठवण आली की आंघोळीला जाऊन रडायला शिकले. घरी फोनवर मात्र सगळं बेस आहे असंच सांगायची.

तिसऱ्या वर्षी आईसाठी चांदीची जोडवी घ्यायला बाजारात गेले. आमच्या शेजारच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी साऱ्या दक्षिणेत पसरलेली आहेत, गलाईवाले म्हणतात त्यांना. एका बोळात भट्टीजवळ बसलेला माणूस बायकोशी आमच्यासारखं बोलताना ऐकला आणि मी तिथेच थांबले. बजरंगकाका त्यांचं नाव. मी गाव सांगितलं, आप्पांचं नाव सांगितलं, तशी त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"आप्पांची पोरगी व्हय तू? तुझ्या अ‍ॅडमिशनआधी चार दिस माज्याकडंच येऊन ऱ्हायलं हुतं की ते."

मग सगळंच बाहेर आलं. आप्पा कॉलेजच्या फाटकापाशी दोन दिवस बसून होते. वॉचमनला तंबाखू देऊन त्यांनी मुलींचं होस्टेल किती वाजता बंद होतं ते काढून घेतलं होतं. ओळख काढून मेसमध्ये जेवले होते. काकूंना मुलींकडे पाठवून, गेल्या वर्षी कितीजणींची माफी गेली ते विचारून घेतलं होतं. त्या चार दिवसांत घरी त्यांनी सांगितलं होतं की कर्नाटकात एडके बघायला चाललोय. परत आले ते रिकाम्या हातांनी, एकही जनावर पसंत पडलं नाही म्हणून.

जोडवी न घेताच मी बसमध्ये बसले. लहानपणी आप्पा मला बाजाराला न्यायचे. जो एडका घ्यायचा त्याच्यापाशी उभं राहून ते त्याचे कान, पाय, दात, सगळ्याला नावं ठेवायचे, मालकाला वाटावं की हा माणूस आता चालला. आणि संध्याकाळी तोच एडका आमच्या टेंपोत असायचा. मी हे शंभरदा बघितलेलं. सेलमला त्यांनी महिनाभर नावं ठेवली तेव्हा मला ते कसं कळलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

वर्षभर मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. पदवी झाली, कोइमतूरला पंपाच्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा कुठे सुट्टीत घरी गेले. आप्पा मेंढरं कातरत होते. मी समोर बसले आणि सरळ म्हणाले, फोन हौदात पडला नव्हता, तुम्ही टाकला होता. त्यांनी नाही म्हटलं नाही. हातातलं मेंढरू पुरं कातरून सोडलं आणि मग बोलले.

"सांगली लय जवळ हुती. आई आजारी हाय म्हणायचं, मामाकडं कार्य हाय म्हणायचं, आन तुला माघारी आनून लगीन लावून टाकायचं. कुणीबी कवाबी आनली असती. सेलमास्नं आनायचं तर दोन दिस लागत्यात. दोन दिसात मानूस इचार करतंय."

मी विचारलं, मग मला तरी सांगायचं. मी रडत आले होते त्या दिवशी.

"तू आईला सांगितलं असतंस," आप्पा म्हणाले.

ते खरं होतं. तरी मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्यांनी माझं भलं केलं, पण माझ्यावर विश्वास न ठेवता केलं.

त्याच दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आई भाकरी वाढत होती. सागरच्या मुलीच्या बारशाचा विषय निघाला आणि मी सहज म्हणाले, मला भावाची सून करायची तुझी इच्छा राहिली बघ. आईने हातातली भाकरी माझ्या ताटात ठेवली.

"ते तुझ्या मामाचं हुतं. मला कुठं त्या लगनाचं पडलं हुतं. सांगलीला असतीस तर आयतवारी घरला आली असतीस. मला तुझा आयतवार पायजे हुता."

आप्पांनी तिच्याकडे बघितलंच नाही. तांब्या उचलून बराच वेळ पाणी पीत राहिले. तिच्या मनात काय आहे हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही. आम्ही दोघांनी तिला विरुद्ध पार्टीत धरून ठेवलं होतं.

इथे कोइमतूरला लोक विचारतात, घर कुठे? मी सातारा सांगते, कुणाला माहीत नसतो, मग महाराष्ट्र सांगते. मनात मात्र ते ताट येतं. घर म्हणजे आता माझ्यासाठी अशी जागा आहे जिथे आम्ही दोघं एका बाईच्या हातचं जेवतो आणि तिला खरं सांगत नाही. ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, फोन पाण्यात पडला, नशीब म्हणायचं. मला ते ऐकवत नाही.

या रविवारी सकाळच्या एसटीने मी घरी पोचणार आहे आणि आईला सगळं सांगणार आहे. आप्पांना आधी कळवलेलं नाही. कळलं तर ते बाजाराचं निमित्त काढून तिलाच कुठेतरी घेऊन जातील.