कॉफीच्या मशीनची वाफ

रसायनी गावच्या एका केमिकल कारखान्याच्या कँटीनात मी चहा करायचो. तिथं कॉफीचं मशीन आलं. बसवणारा म्हणाला, "कॉफी घातलेल्या दुधात वाफ सोडून फेस काढला की झाली लग्नातल्यासारखी एस्प्रेसो." मी म्हटलं, "त्यात काय शिकवायचं हाय?"

मी वाफेचा नळ फिरवला तशी वाफ अशी फुसफुसत सुटली की जेवणारी माणसं ताटं टाकून बाहेर पळाली. कारखान्यात असा आवाज म्हणजे गॅस फुटला, हेच आम्हाला ठाऊक. आचारी दारातनं ओरडला, "पळ रं, मरशील!"

पण मी बोलून बसलो होतो, पळणार कसा? भीतीनं नळ कुठल्या बाजूला बंद होतो तेच आठवेना. शेवटी बसवणाऱ्यानंच तो बंद केला. तरी कुणी आत येईना. ती पहिली एस्प्रेसो मी एकट्यानं प्यालो, निम्मी सदऱ्यावर सांडत.