नाशकात बादली कुठे मिळते?

खरेदीला गेलेलं माणूस हवी ती वस्तू आणेलच असं नाही, पण किस्सा हमखास आणतं. शरणपूर रोडवरच्या आमच्या विम्याच्या ऑफिसात दीड वाजता डबे उघडतात. भाजी वाटून संपते, किस्से उरतातच. चार वर्षांत इतके साठलेत की आता कुणी नुसतं "काल मेन रोडला गेले होते" म्हटलं तरी आम्ही हसायला लागतो!

आम्ही चौघं. सिडकोच्या शिंदे मॅडम; नाशकात काय कुठे घ्यायचं, यावर त्यांचा शब्द शेवटचा. नसरीन येवल्याची. बोरस्ते भाऊ मूळचे सायखेड्याचे, आता गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहणारे. आणि मनमाडहून बदलून आलेली मी.

पहिला किस्सा माझाच. नवीन खोली घेतली होती. जेवताना मी सहज विचारलं, "इथे बादली कुठे मिळेल?"

चूक झाली!

"भद्रकालीत," नसरीन म्हणाली.

"तिथे गाडी कुठे लावेल ती?" शिंदे मॅडम कडाडल्या. "बादली घ्यावी तर गंगेवर, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात. आज काय वार? गुरुवार? मग थांब सहा दिवस!"

"नाशिक रोडला जा," बोरस्ते भाऊ म्हणाले. "येताना भेळ पण मिळेल."

जेवणाची सुट्टी संपली, वाद संपला नाही. मी दोन दिवस कुकरमध्ये पाणी घेऊन अंघोळ केली. शनिवारी मनमाडला घरी गेले आणि बादली तिथूनच घेऊन आले. गाडीत समोरच्या बाईंनी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाशकात मिळत नाहीत होय?"

* * *

शिंदे मॅडम कधीही एकट्या खरेदीला जात नाहीत. सोबत शिंदे सर असतात. रिटायर्ड शिक्षक, स्वभावाने गरीब. त्यांचं काम एकच, स्कूटरवर बसून राहणं. "माणूस बसलेलं असलं की गाडी उचलत नाहीत," हा मॅडमचा सिद्धान्त.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मॅडम मेन रोडला उतरल्या. "पाच मिनिटांत आले," म्हणाल्या. सर नो पार्किंगच्या बोर्डाखाली बसले. दीड तास झाला. ट्रॅफिक हवालदार तिसऱ्यांदा आला.

"काका, इथे पार्किंग नाही. किती वेळा सांगू?"

सर रडवेले झाले. "साहेब, मी काहीच पार्क केलं नाही हो. मला पार्क केलंय!"

हवालदाराने आधी मेन रोडवरच्या गर्दीकडे बघितलं, मग सरांकडे. टपरीवाल्याला हाक मारून त्यांच्यासाठी चहा सांगितला.

* * *

नसरीनचे अब्बा हातमागावर पैठणी विणायचे. ती मागाच्या खटखटाटातच लहानाची मोठी झाली. पण हे तिच्या कपाळावर थोडंच लिहिलंय?

मैत्रिणीच्या लग्नासाठी ती कॉलेज रोडच्या एका शोरूममध्ये गेली. मीही होते. सेल्समनने पैठणी उलगडली आणि क्लास घ्यायला सुरुवात केली. "मॅडम, प्युअर हँडलूम म्हणजे काय असतं, लोकांना कळतच नाही. बारीक नजर लागते!"

नसरीनने वीस मिनिटं मान डोलवली. मग पदर हातात घेऊन शांतपणे उलटा केला. मागच्या बाजूला धागेच धागे.

"भाऊ, हातमागाचा मोर दोन्हीकडून सारखा दिसतो. तुमचा मोर मागून बोक्यासारखा दिसतोय!"

शेजारच्या गादीवरच्या दोन बायकांनी आपापल्या पुढ्यातल्या साड्यांचे पदर लगेच उलटे केले. एक तिथूनच ओरडली, "ताई, हा बघता का जरा?" बघता बघता नसरीनभोवती रांग!

सेल्समनला घाम फुटला. तो खाली वाकून कुजबुजला, "मॅडम, चहा घ्या, कोल्ड्रिंक घ्या, पण आवाज जरा हळू." मग आम्हाला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "रविवारी पार्टटाइम याल का? खूप छान समजावता तुम्ही!"

* * *

"ऑनलाइन मागवणारे म्हणजे आपल्या दुकानदारांचे वैरी," असं शिंदे मॅडम रोज सांगतात. स्वतःची पार्सलं त्या माझ्या नावावर मागवतात. ऑफिसच्या पत्त्यावर.

एकदा खरोखरच माझं पार्सल आलं. मी जागेवर नव्हते. मॅडमनी सवयीने उघडलं, घालून पाहिलं आणि परतही पाठवलं.

"रंग चांगला नव्हता गं!"

* * *

आणि हे बोरस्ते भाऊंचे मामा.

गंगापूर रोडला एक एसी भाजीचं दुकान निघालं. 'शेतातून थेट ताटात.' मेथीच्या जुडीला रिबीन. भाऊ वहिनींबरोबर गेले आणि दारातच थबकले. समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा फोटो, 'आमचे शेतकरी'. हातात फ्लॉवर, डोक्यावर टोपी, तोंडभर हसू. सायखेड्याचे सख्खे मामा!

भाऊंनी तिथूनच फोन लावला. "मामा, तुम्ही इथे भाजी देता?"

"नाय बा. एक जुडी बी देत नाय."

"मग फोटो?"

मामा आठवत राहिले. "मागं एक कॅमेरावाला बांधावर आलता. म्हणला, काका, हसा. मी हसलो." मग हळूच विचारलं, "लय मोठा हाय का रं?"

शनिवारी मामा आले. इस्त्रीचं धोतर, कोरी टोपी. भाच्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून खांद्यावर कोथिंबीर-मेथीची पिशवी. घरी पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "आधी तिकडं चल."

भाऊ गाडी लावेपर्यंत मामा दुकानाच्या पायऱ्या चढले. काचेतून फोटो दिसला. तिथेच उभं राहून त्यांनी टोपी नीट केली. आत शिरणार, तेवढ्यात वॉचमनने पिशवी बघितली आणि हात आडवा घातला.

"ओ काका! माल मागच्या दाराने!"

मामांनी भिंतीकडे बोट केलं.

"मागच्या दारानं कशाला रं? मला तर तुमी म्होरंच टांगलंय!"